तेराव्या पोत्याचं काय?

प्रति,
प्लास्टिक कराराच्या वाटाघाटींना जाणारं भारताचं शिष्टमंडळ,
पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालय, नवी दिल्ली
आणि त्यांच्यामार्फत ढाका, कोलंबो, काठमांडू, जकार्ता, मनिला इथले त्यांचे समपदस्थ

स.न.वि.वि.

सांगलीत कर्नाळ रोडला आमचं भंगाराचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलं तेव्हा लोखंड, रद्दी आणि काचेच्या बाटल्या एवढ्यावर धंदा चालायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा प्लास्टिक म्हणजे फुटक्या बादल्या, घागरी आणि स्लिपरा. आता वजनाला लोखंडच जास्त भरत असलं तरी जागा सगळी प्लास्टिकने खाल्लेली असते. मी बी.कॉम. आहे, गल्ला आणि वही माझ्याकडे असते. बुसानला आणि जिनिव्हाला झालेल्या जागतिक प्लास्टिक कराराच्या बैठकांत काय झालं ते मी वाचलेलं आहे. उत्तर देणार असाल तर माझ्यासाठी सोपं करून लिहायची गरज नाही.

दुकानामागच्या मोकळ्या जागेत दोन बायका माल निवडतात. समोर तेरा पोती लावलेली असतात. पेटच्या बाटल्या एकात, त्यांची झाकणं दुसऱ्यात. दुधाच्या पिशव्या वेगळ्या, धुऊन आल्या तर भाव बरा. फिनेलचे कॅन, तेलाचे डबे, 'कडक' म्हणजे खुर्च्या-बादल्या, खताची विणलेली पोती, पाईप, ठिबकच्या काळ्या नळ्या. तासगाव-पलूसकडची एखादी द्राक्षबाग मोडली की नळ्यांची भेंडोळी टेम्पोने येतात, ती आम्ही डोळे झाकून घेतो. त्याच शेतातला, जमिनीवर अंथरलेला प्लास्टिकचा मल्चिंग पेपर आला की हात जोडतो. चिंध्या झालेला असतो आणि निम्मं वजन मातीचं. निवडणाऱ्या बायकांना पॉलिमरची इंग्रजी नावं येत नाहीत, पण हाताला सगळं ठाऊक आहे. वाकवून बघतात, नखाने ओरखडतात, कानाशी चुरगाळतात. अगदीच शंका आली तर काडी लावून वास घेतात. मेणबत्तीसारखा आला तर पोत्यात, नाकाडोळ्यांत झोंबला तर पीव्हीसी. हे वास घेणं मी बंद करायला सांगून थकले.

बारा पोती विकली जातात. तेराव्यात पुड्या असतात: शाम्पूच्या, कॉफीच्या, मसाल्याच्या, वेफर्सच्या, धुण्याच्या पावडरीच्या, बिस्किटांच्या. गुटख्याच्याही, त्याला राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पुड्या मात्र नेमाने येतात. हे आम्ही विकत घेत नाही, बाकीच्या मालात मिसळून येतं आणि निवडल्यावर उरतं. बाहेरून छपाईचा एक थर, मधे चकाकी, आतून दुसऱ्याच जातीचं प्लास्टिक, आणि सगळं एकमेकांना असं चिकटवलेलं की कुपवाडच्या एमआयडीसीतला दाणा पाडणारा, म्हणजे जुनं प्लास्टिक वितळवून त्याचे बारीक दाणे करणारा, कारखानदार फुकटही घेत नाही. एकात एक वितळत नाही, दाणा बिघडतो, असं तो म्हणतो आणि त्याचं खरं आहे.

मागे एकदा शाम्पूच्या शंभर रिकाम्या पुड्या मोजून काट्यावर टाकल्या. शंभर ग्रॅमही भरल्या नाहीत. पाण्याच्या लिटरच्या बाटल्या चाळीस-पन्नास झाल्या की किलो होतो. पुड्यांचा किलो करायचा तर हजाराहून जास्त वेळा वाकायचं. आमच्याकडे माल आणणारी एक मावशी आहे, पहाटे चारला बाहेर पडते. तिला मी विचारलं होतं, भाव दिला तर पुड्या आणाल का? ती म्हणाली, "वैनी, किती देशीला? कंबरंच्या औषधाचं तरी निघाया नगं व्हय?"

हे पत्र त्या तेराव्या पोत्याबद्दल आहे. तुमच्या चर्चेत प्लास्टिक एकच असतं, आमच्या अंगणात ते तेरा असतात, आणि त्यातल्या एकावर आशियातल्या देशांनी आपसात बसून ठरवल्याशिवाय काही होणार नाही असं माझं मत आहे. का, ते जरा लांबून सांगते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. आमचं दुकान पत्र्यापर्यंत पाण्यात होतं. पाणी उतरल्यावर नदीकाठच्या बाभळींवर, चिंचेवर, विजेच्या तारांवर प्लास्टिक लोंबत होतं, पूर कुठवर आला ते मोजायला पट्टीची गरज नव्हती. गाळात रुतलेल्या बाटल्या आठवड्याच्या आत उचलल्या गेल्या. त्या कुणी स्वच्छता मोहिमेत उचलल्या नाहीत, घर वाहून गेलेल्या माणसांनी उचलल्या, कारण त्या दिवसांत हातात रोकड येण्याचा तोच एक मार्ग होता. पुड्या आणि फाटक्या पिशव्या झाडांवरच राहिल्या. काही पुढच्या पावसाळ्यापर्यंत होत्या. २०२१ ला पुन्हा पूर आला तेव्हा त्या गेल्या.

कुठे गेल्या? हरिपूरला वारणा मिळते, नरसोबावाडीला पंचगंगा, पुढे कर्नाटक. दर जून-जुलैत आम्ही सांगलीकर अलमट्टीच्या नावाने बोटं मोडतो, धरणाची उंची वाढवली तर आमच्या घरात पाणी येईल म्हणून मोर्चे काढतो. मीही मोर्चात गेले आहे. पण आमच्या पुड्या अलमट्टीत जातात यावर आजवर एकही मोर्चा निघालेला नाही, इकडून नाही आणि तिकडूनही नाही. बच्छावत लवादाने कृष्णेचं पाणी वाटलं: महाराष्ट्राला ५६० टीएमसी, कर्नाटकाला ७००, आंध्रला ८००. पाण्याबरोबर जे वाहतं त्याचा हिस्सा कुणाचा हे लवादाला कुणी विचारलंच नाही. महाबळेश्वरला उगम पावलेली नदी हंसलदीवीला बंगालच्या उपसागराला मिळते, आणि त्या उपसागराच्या काठावर बांगलादेश, म्यानमार, श्रीलंका आहेत.

नुसतं नदीनेच जातं असंही नाही. २०२१ च्या मे महिन्यात कोलंबोजवळ 'एक्स-प्रेस पर्ल' हे मालवाहू जहाज पेटलं. त्याआधी ते आपल्या हजिरा बंदराला लागून गेलं होतं. गळणारा नायट्रिक ॲसिडचा कंटेनर तिथेही उतरला नाही आणि कतारच्या हमादलाही नाही. जहाज बुडालं आणि श्रीलंकेच्या किनाऱ्यावर प्लास्टिकच्या कच्च्या मालाचा खच पडला. बातम्यांत वेगळा शब्द होता, पण फोटो बघताक्षणी मी ओळखलं, आमच्या धंद्यात त्याला दाणा म्हणतात. कोळी बायका चाळणीने वाळू चाळून दाणा वेगळा करत होत्या.

आता एकट्याने दार लावून घेतलं की काय होतं ते. आमच्या मिरजेपासून कागवाड जवळ आहे, मधे राज्याची हद्द. कर्नाटकाने २०१६ च्या मार्चमध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आणली, महाराष्ट्राने २०१८ च्या मार्चमध्ये. मधल्या दोन वर्षांत कागवाडच्या बाजाराला पिशव्या कुठून जात होत्या हे मिरज मार्केटमधल्या कुणालाही विचारा. आमची बंदी आल्यावर पिशव्या थांबल्या नाहीत, फक्त गाडीची दिशा बदलली आणि पिशव्यांवरचं नाव पुसलं गेलं. बांगलादेशाने तर २००२ साली, जगात सगळ्यांच्या आधी, पातळ पिशव्या बंद केल्या; १९८८ आणि १९९८ च्या पुरात ढाक्याची गटारं पिशव्यांनी तुंबली होती. पिशव्या अजून आहेत. आपल्याला हे कळायला २६ जुलै २००५ ची मुंबई बघावी लागली, तेव्हा बांगलादेशाला कुणी विचारायला गेलं असतं तर बरं झालं असतं.

मोठ्या प्रमाणावर हेच २०१८ ला झालं. चीनने परदेशी प्लास्टिक कचरा घेणं बंद केलं. तोवर जगभरचा गठ्ठ्यांमधला माल तिकडे जायचा. तिथलं दार लागल्यावर तो मलेशिया, थायलंड, व्हिएतनाम, इंडोनेशियाला वळला. मलेशियातल्या जेन्जारोम गावात रातोरात बेकायदा कारखाने उभे राहिले आणि लोक खोकू लागले. दक्षिण कोरियात तर वेगळीच गंमत झाली. त्यांच्याकडे उत्पादकाने कचऱ्याची जबाबदारी घ्यायचा कायदा २००३ पासून आहे, निवडून ठेवण्याची शिस्त आहे, तरी त्या एप्रिलमध्ये सोलच्या सोसायट्यांतून प्लास्टिक उचलायला कंत्राटदार येईनात, कारण माल विकायचा कुठे? शिस्तीला गिऱ्हाईक नसलं की ती कंपाउंडच्या भिंतीशी साचून राहते. जपानमधलं कामिकात्सु हे छोटं गाव ४५ प्रकारांत कचरा निवडतं, असं वाचून मी आमच्या निवडणाऱ्या बायकांना सांगितलं. त्या म्हणाल्या, पंचेचाळीसला भाव मिळत असंल तर आम्हीबी करू.

त्यानंतर एकेका देशाने आपलं दार लावलं. भारताने २०१९ ला घनकचऱ्याच्या स्वरूपातल्या प्लास्टिकची आयात थांबवली, फिलिपाइन्सने कॅनडाचे ६९ कंटेनर परत पाठवले, कचऱ्याच्या देशोदेशीच्या ने-आणीवरच्या बासेल करारातली प्लास्टिकबद्दलची दुरुस्ती १ जानेवारी २०२१ पासून लागू झाली, थायलंडने २०२५ च्या पहिल्या दिवसापासून आयात बंद केली. प्रत्येकाचं बरोबर आहे. पण कचरा सगळ्यात कमकुवत दाराने आत जातोच. रद्दीच्या गठ्ठ्यात लपून जातो. आमच्याकडेही रद्दीच्या गठ्ठ्यात मधोमध दगड निघतो, त्यामुळे मला त्याचं आश्चर्य वाटत नाही. इंडोनेशियात पूर्व जावामधल्या त्रोपोदो गावात असं रद्दीतून आलेलं प्लास्टिक टोफूच्या भट्ट्यांत जळण म्हणून जाळत होते. टोफू म्हणजे सोयाबीनचं पनीर. ते वाचताना मला एक गुऱ्हाळ आठवलं, नाव-गाव सांगत नाही, तिथे चिपाड ओलं असलं की चुलाणात काय जातं ते मी पाहिलं आहे. पोत्याचं तोंड उघडलेलं होतं, आत पुड्याच होत्या. गूळ छान पिवळा दिसत होता. मी घेतला नाही, पण गुऱ्हाळवाल्याला काही बोललेही नाही.

म्हणजे पोतं तेच, भट्टीही तीच, फक्त जागा वेगळी. आणि पुडीही तीच, हे मी अंदाजाने म्हणत नाही. माझा भाचा मर्चंट नेव्हीत आहे. त्याला मी सांगून ठेवलं होतं की ज्या बंदरात उतरशील तिथली शाम्पूची रिकामी पुडी आण. मनिलाची, सुराबायाची, चट्टग्रामची आणि कोलंबोची अशा चार त्याने आणल्या. आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातली पाचवी शेजारी ठेवली. आकार तोच, चकाकी तीच, फाडायची खाच त्याच कोपऱ्यात, दोघींवर तर कंपनीही तीच. फक्त लिपी बदलते. फिलिपाइन्समध्ये असं थोडं थोडं विकत घेण्याला 'तिंगी' म्हणतात म्हणे; आपण सुटं घेणं म्हणतो.

ही पुडी आपल्याच देशात, तामिळनाडूतल्या कडलूरला मोठी झाली. तिच्यावर मी दगड मारणार नाही. लग्नाआधी आमच्या घरी शाम्पूची बाटली कधी आली नाही, दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला आम्हा तिघी बहिणींत दोन पुड्या असायच्या. रोज हातावर पैसे येणाऱ्या माणसाला महिन्याची बाटली परवडत नाही, तेव्हा 'पुडीवर सरसकट बंदी घाला' असं सांगणाऱ्यांनी आधी पगारी माणसाच्या बाहेरचं जग बघावं. पुडी युरोपात अशी विकली जात नाही, म्हणून जिनिव्हातल्या मसुद्यात तिला जागा मिळणंही कठीण. ती आशियाची अडचण आहे, आशियानेच सोडवायची आहे.

माझं मागणं असं आहे. पुडी एकाच जातीच्या प्लास्टिकची करा, दुधाच्या पिशवीसारखी. दुधाची पिशवीही पातळ असते, मळलेली येते, वासही येतो, पण एकाच जातीची असल्यामुळे तिला भाव आहे आणि रस्त्यावर ती क्वचित दिसते. असं पुडीचं प्लास्टिक आज बनतं. शाम्पू आणि धुण्याच्या पावडरीला ते चालण्यासारखं आहे. कॉफीला, वेफर्सना हवा-ओल लागू नये म्हणून कठीण जाईल, त्यांना मुदत वाढवून द्या. पण हे भारताने एकट्याने सांगितलं तर कंपनी म्हणेल, एका देशासाठी यंत्रं कशी बदलू? श्रीलंकेने सांगितलं तर तिला कोण विचारतो? भारत, बांगलादेश, इंडोनेशिया, फिलिपाइन्स, व्हिएतनाम यांनी एकच मापदंड, एकच तारीख ठरवली तर पुडीचं मोठं गिऱ्हाईकच एका बाजूला उभं राहतं. मग यंत्रं बदलतात.

दुसरं, भाव. नुसती जात बदलून मावशी हजार वेळा वाकणार नाही. उत्पादकाच्या जबाबदारीचे नियम आता बऱ्याच ठिकाणी आलेत, आपल्याकडे २०२२ ला, फिलिपाइन्समध्ये त्याच वर्षी, व्हिएतनाममध्ये २०२४ पासून. आपल्या नियमात अनेक थरांच्या प्लास्टिकचा वेगळा वर्ग आहे, त्याच्या पुनर्वापराची टक्केवारी २०२४-२५ च्या ३० वरून २०२७-२८ पर्यंत ६० वर न्यायची आहे. टक्केवारी कागदावर भरते, कंपनी पुनर्वापराची प्रमाणपत्रं विकत घेते. २०२३ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत बनावट प्रमाणपत्रं सापडली ती सहा लाखांच्या आसपास होती. न गोळा केलेला कचरा विकता येतो हे कळल्यावर माझे यजमान म्हणाले, आपण उगाच काटा घेऊन बसलोय.

म्हणून तो पैसा प्रमाणपत्राऐवजी काट्यावर आणा. तेराव्या पोत्याला किलोमागे किमान भाव ठरवा, कंपनीच्या पैशातून, आणि तो वेचणाऱ्याच्या हातात पडेल असा. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने असा माल पैसे देऊन गोळा करून दाखवला आहे, म्हणजे हे स्वप्न नाही. हद्दीच्या दोन्ही बाजूंना भाव सारखा हवा, नाहीतर कागवाडचं होईल. आणि भाव तेलावर सोडू नका, नवं प्लास्टिक कच्च्या तेलापासूनच होतं. २०२० च्या एप्रिलमध्ये कच्चं तेल कोसळलं, लॉकडाऊननंतर दुकान उघडलं तेव्हा नवा दाणा इतका स्वस्त होता की जुन्याला कुणी विचारेना. आम्ही भाव पाडला, मावशीने चार महिने माल आणला नाही, ती काय करत होती मला माहीत नाही. वस्तूत पुनर्वापराचा दाणा अमुक टक्के हवाच, हा नियम आपल्याकडे आला आहे. तो शेजाऱ्यांकडेही आला तर आमच्या मालाला तेलाचं तोंड बघावं लागणार नाही.

हे कुठे बसून ठरवायचं? सार्कची शिखर परिषद २०१४ नंतर झालेली नाही, ते मला दिसतं. पण दक्षिण आशियाई देशांचा पर्यावरणाचा सहकारी कार्यक्रम १९८२ पासून आहे, त्याचं कार्यालय कोलंबोला आहे, भारत-पाकिस्तान दोघंही त्यात आहेत, आणि नद्या-समुद्र प्लास्टिकमुक्त करण्याचा एक प्रकल्प जागतिक बँकेच्या पैशातून २०२० पासून तिथूनच चालला. आग्नेय आशियातल्या देशांच्या संघटनेने, आसियानने, २०१९ ला बँकॉकमध्ये समुद्रातल्या कचऱ्याबद्दल जाहीरनामा काढला, नंतर २०२१ ते २०२५ चा आराखडा केला. दोन टेबलं आहेत, एकत्र लावायची आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हाला करार पुन्हा फसला. प्लास्टिकच्या उत्पादनावर मर्यादा घालायची की नाही यावर तो अडतो, आणि निर्णय एकमतानेच व्हावा ही आपल्या देशाची भूमिका आहे. भूमिका का आहे ते समजतं, आपल्याकडे रिफायनऱ्या आहेत. पण सगळ्या जगाचं एकमत होईपर्यंत पाच-सहा शेजाऱ्यांचं एका पुडीवर एकमत करायला कुणी अडवलेलं नाही.

या पत्राची एक प्रत पोस्टाने पाठवते आहे. सोबत पाकिटात त्या पाच पुड्या आहेत. धुऊन, वाळवून घातल्या आहेत, तरी पाकीट उघडताना वास येईल. त्या परत पाठवायची गरज नाही, माझ्याकडे पोतं आहे.

शिष्टमंडळातल्या कुणाला प्रत्यक्ष बघायला यायचं असेल तर सकाळी अकराच्या आत या, निवडणाऱ्या बायका तेव्हा भेटतात. मंगळवार तेवढा नको. मंगळवारी गाडी भरायची असते.

आपली,
कर्नाळ रोड, सांगली येथील एक भंगार दुकानदार